बिबडे कोणाचे? लेबल छापण्याआधी नावाचं काय करायचं

जळगावात आमचा छोटा प्रेस आहे. लग्नपत्रिकांचं काम ओसरलं तसे आम्ही लेबलं आणि पाऊच छापायला लागलो. उन्हं तापली की बिबडे (पीठ शिजवून, थापून उन्हात वाळवलेले आपल्याकडचे ज्वारीचे पापड), पापड, कुरडया करणाऱ्या बायाबापड्यांची आमच्याकडे ये-जा वाढते. यंदा फैजपूरकडच्या एक ताई कोऱ्या पिशवीत ज्वारीचे बिबडे घेऊन आल्या. म्हणाल्या, "दादा, वर मोठ्ठं 'खान्देशी बिबडे' टाका. आणि बाजूला ते गोलातलं 'आर' टाका. म्हणजे हे नाव दुसरं कोणी घेणार नाही."

मी म्हटलं, "ताई, ते गोलातलं 'आर' ट्रेडमार्कची नोंदणी झाल्यावरच टाकता येतं. त्याआधी टाकलं तर कायद्यानं दंड होतो. आणि 'खान्देशी बिबडे' कोणी घेऊ नये म्हणता, पण तुमच्या आजी काय करायच्या उन्हाळ्यात?"

"बिबडेच करायच्या."

"मग नाव कोणाचं?"

त्या हसल्या. असल्या गप्पा आमच्या काउंटरवर वर्षातून पंचवीसदा तरी होतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढायचं ठरवलं. घरगुती पदार्थ, मसाले, वेफर्स किंवा खानावळ पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी हे आहे. मी वकील नाही. पण नाव बदलावं लागलं म्हणून वाया गेलेल्या छपाईच्या सिलिंडरांचा, म्हणजे मजकूर कोरलेल्या रुळांचा, ढीग माझ्या गोडाऊनमध्ये आहे. पाऊच छापायला प्रत्येक रंगाला वेगळं सिलिंडर लागतं. नाव बदललं की त्यातलं निदान एक तरी भंगारात जातं, आणि पैसे तुमचेच जातात.

आधी हे समजून घ्या: परवाना म्हणजे नाव नव्हे

बहुतेकांना वाटतं, उद्यम नोंदणी झाली, फूड लायसन्स आलं, जीएसटी नंबर मिळाला, दुकानाचा गुमास्ता झाला, म्हणजे नावही आपलं झालं. तसं काही नसतं. हे सगळे कागद धंदा करायच्या परवानगीचे. नावावरचा हक्क मिळतो तो ट्रेडमार्क (म्हणजे माल कोणाचा ते ओळखायचं नाव किंवा चिन्ह) कायदा, १९९९ खाली. हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. एकाच नावाने दोघांना फूड लायसन्स मिळू शकतं, आणि मिळतंही.

पहिली पायरी: नावाचे तुकडे पाडा

कागद घ्या आणि तुमच्या नावातला एकेक शब्द वेगळा लिहा. समोर प्रश्न लिहा: हा शब्द दुसऱ्या बिबडेवालीला तिचा माल सांगताना लागेल का?

'खान्देशी' लागेल. 'बिबडे' तर लागणारच. 'घरगुती', 'अस्सल', 'पारंपरिक', 'स्पेशल', 'चविष्ट' हे सगळे लागतील. जो शब्द सगळ्यांना लागतो तो एकाला बांधून देता येत नाही, एवढं सोपं आहे हे. कायद्यातलं कलम ९ हेच सांगतं: मालाचा प्रकार, दर्जा, प्रमाण, उपयोग, किंमत, तो कुठून आला किंवा कधी तयार झाला, एवढंच सांगणारं चिन्ह नोंदवता येत नाही. व्यापारात रूढ झालेले शब्दही नाहीत.

आणि ही काही अलीकडची शक्कल नाही. वनस्पती तुपासाठी 'रसोई' हा शब्द नोंदवण्याचा प्रश्न कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आला होता, तेव्हा १९५५ मध्ये न्यायालयाने नकार दिला. स्वयंपाकाच्या जिनसेला स्वयंपाक म्हणायचं आणि तो शब्द आपल्यापुरता राखून ठेवायचा, हे कसं चालेल? त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने 'श्री' या शब्दाबद्दल निकाल दिला. एका तूपवाल्यांच्या चिन्हात 'श्री' ठळक होता. चिन्ह त्यांचं राहिलं, पण एकट्या 'श्री' या अक्षरावर हक्क सांगणार नाही, ही अट कायम झाली. आपल्याकडे वहीचं पहिलं पानही 'श्री'नेच सुरू होतं. ते अक्षर कोणाच्या नावावर चढलं असतं तर काय झालं असतं, विचार करा.

दुसरी पायरी: शब्द मालापासून किती लांब आहे ते बघा

वकील याचे पाच प्रकार करतात. बिबड्यांवरच समजून घेऊ. खालची नावं फक्त उदाहरणं आहेत, शोध न घेता उचलू नका.

'बिबडे': जिनसेचं नाव. हे कधीच तुमचं होणार नाही, कितीही वर्षं विका.

'कुरकुरीत बिबडे': गुण सांगणारं नाव. सुरुवातीला मिळत नाही. फार वर्षं, फार मोठ्या प्रमाणावर विकून लोकांच्या डोक्यात तो शब्द म्हणजे तुम्हीच असं झालं, तर पुराव्यानिशी मिळू शकतं. कलम ९ मध्येच ही खिडकी ठेवलेली आहे. इथे एक गंमत सांगतो. 'कुरकुरीत' हे वर्णन कोणीही लिहावं. पण त्याच अर्थाचं 'कुरकुरे' पाकिटावर मोठ्या अक्षरात टाकलंत, तर ते एका बड्या कंपनीचं प्रसिद्ध नाव आहे आणि तुमच्यावर पत्र येणार. शब्द साधाच होता, जाहिरातीने तो त्यांचा झाला. ही वाट खर्चाची आहे, आपल्यासारख्यांची नव्हे.

'उन्हाळवाळा': सुचवणारं नाव. उन्हात वाळवलेलं, हे थोडा विचार केल्यावर कळतं. असं नाव मिळू शकतं. 'लिज्जत' याच्या जवळपासचं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला घेतले, आणि नाव निवडलं चवीकडे बोट दाखवणारं. 'पापड' शब्द त्यांनी अडवला नाही, अडवताही आला नसता. आज पापड सगळ्यांचा आहे आणि लिज्जत त्यांचं.

'टिटवी': शब्द ओळखीचा, पण बिबड्यांशी काही संबंध नाही. हे पक्कं नाव. नंदुरबारच्या बाजारात 'मिरची' म्हणजे मिरचीच. मिरचीच्या पोत्यावर तो शब्द कोणालाच मिळणार नाही. पण तोच शब्द रेडिओ स्टेशनला दिला की तो ब्रँड होतो, कारण रेडिओत तिखट काही नसतं.

पाचवा प्रकार मनाने बनवलेल्या शब्दाचा. याचं उदाहरण आपल्या अमळनेरात आहे. २९ डिसेंबर १९४५ ला तिथे वनस्पती तुपाची कंपनी उभी राहिली: वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. पश्चिम, भारत, वनस्पती, उत्पादनं. एकही शब्द असा नाही जो दुसऱ्या तेलवाल्याला लागला नसता. पुढे त्याच अक्षरांतून 'विप्रो' झालं, ज्याला शब्दकोशात काही अर्थच नाही. म्हणून ते नाव तूप, साबण, दिव्यांपासून संगणकापर्यंत कुठेही चाललं. अमळनेरच्या माणसाला हे सांगायला मला फार आवडतं, कारण ट्रेडमार्कचं अर्धं शास्त्र त्या एका नावात येतं.

माझा सल्ला चौथ्या किंवा पाचव्या प्रकाराचा. दुकानदार मात्र दुसऱ्यावरच अडून बसतात. "गिऱ्हाइकाला कळायला नको का आत काय आहे?" कळायला पाहिजेच. त्यासाठी नावाखाली 'ज्वारीचे बिबडे' लिहा. ते वर्णन आहे, ते लिहायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

गावाचं, नदीचं आणि देवाचं नाव

इथे आपल्याकडे सगळ्यात जास्त गडबड होते. दहा गिऱ्हाइकांतले सहा 'जळगाव', 'खान्देश', 'तापी' किंवा देवीचं नाव घेऊन येतात.

गावाचं नाव माल कुठून आला ते सांगतं, म्हणजे परत कलम ९. 'सिमला' नावाच्या सिगारेटींना १९७७ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने नोंदणी नाकारली. सिमल्यात तंबाखू पिकत नसूनही. मग जळगावच्या केळीवाल्याला 'जळगाव' कसं मिळेल?

केळीच्या बाबतीत तर आणखी एक कुलूप आहे. जळगावच्या केळीला, भरिताच्या वांग्याला आणि नवापूरच्या तूरडाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भौगोलिक मानांकन म्हणजे त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं सामायिक नाव. असं नाव एका माणसाचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला भौगोलिक मानांकनाच्या कायद्यातच मनाई आहे. उलट बाजूने बघितलं तर ही फायद्याची गोष्ट आहे. तुम्ही त्या भागात ती केळी पिकवत असाल, तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नाव लावता येतं आणि फी अगदी किरकोळ आहे. रावेर, यावलचे बागायतदार वेगळं नाव शोधण्यात महिने घालवतात आणि हातातलं हे नाव वापरत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

बामणोदच्या वांग्याचं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत ज्याने खाल्लंय त्याला कळेल की गावाच्या नावात केवढी ताकद असते. म्हणूनच ते एकाला देऊ नये. एकाने बळकावलं तर शेजारच्या शेतकऱ्याने स्वतःचं वांगं काय सांगून विकायचं?

देवाचं नाव घेताना भाव असतो, मी नाही म्हणत नाही. पण कृष्ण, बालाजी, सप्तशृंगी, मुक्ताई ही नावं हजारो पाट्यांवर आहेत. दुधातुपाच्या धंद्यात 'कृष्णा' एकाच कंपनीचं होऊ शकत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं. अगरबत्तीसाठी 'रामायण' हे नाव सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नाकारलं. धर्मग्रंथाचं नाव व्यापारासाठी एकट्याचं करता येत नाही. 'नंदिनी'चं प्रकरण २०१८ चं: कर्नाटकातला दूध महासंघ आणि 'नंधिनी' नावाची हॉटेलं. नंदिनी म्हणजे गाय, देवतेचंही नाव. त्यावर महासंघाची मक्तेदारी नाही, असा निकाल लागला. हॉटेलवाल्यांचा माल वेगळा, चिन्हाची मांडणी वेगळी, हेही बघितलं गेलं.

आडनावाचंही तसंच. पाटील, चौधरी, महाजन, कोळी यांनी खान्देश भरलेलं आहे. तुम्ही प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरत असाल तर कलम ३५ तुम्हाला संरक्षण देतं, पण तेच संरक्षण शेजारच्या पाटलालाही आहे.

तिसरी पायरी: फुकटचा शोध

ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध आहे. पैसे लागत नाहीत. मोबाइलवरच्या ओळखपडताळणीचा कंटाळा येतो, पण करा. तीन गोष्टी सांभाळा.

एक, वर्ग बरोबर निवडा. सगळा माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. पापड-मसाले ३० मध्ये, केळीचे वेफर्स २९ मध्ये, ताजी केळी ३१ मध्ये, खानावळ ४३ मध्ये, सोन्याचे दागिने १४ मध्ये. माझा एक गिऱ्हाईक वेफर्स करायचा आणि त्याने शोध ३१ मध्ये घेतला. अर्थातच काही सापडलं नाही, आणि तो खूश!

दोन, उच्चारावरूनही शोधा. 'खान्देस', 'खानदेश', रोमन लिपीतली वेगवेगळी स्पेलिंगं, सगळी टाका. एखादं अक्षर वाकडं केल्याने साधा शब्द खास होत नाही. 'मसाला'ला 'मसालाज' केलं तरी कानाला मसालाच.

तीन, सापडलेल्या नोंदीचं फक्त नाव वाचू नका, आत जा. अर्ज नुसता झालाय, आक्षेप आलाय, विरोध आलाय की खरंच नोंदणी झालीय, ते बघा. शब्द नोंदलाय की पूर्ण लेबल, तेही. पुढे नोटीस आली तर हेच कामाला येणार आहे.

चौथी पायरी: अर्ज

हे सगळ्यात सोपं, म्हणून थोडक्यात. अर्ज 'टीएम-ए'. ऑनलाइन भरला तर एका वर्गाला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. लघुउद्योग दाखवायला उद्यम प्रमाणपत्र लावा. वकिलाची किंवा एजंटची फी वेगळी. आपला भाग मुंबई कार्यालयाकडे येतो, पण जायची गरज पडत नाही. मराठी नावाचा उच्चार आणि अर्थ इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावा लागतो. अर्थ प्रामाणिक द्या. 'बिबडे' म्हणजे 'अर्थ नसलेला शब्द' असं लिहिणारे महाभाग मी पाहिलेत.

आधीपासून वापरत असाल तर तारीख लिहा आणि प्रतिज्ञापत्राबरोबर बिलं, जुनी पाकिटं, जाहिराती जोडा. तारीख फुगवू नका, पुढे तीच अंगाशी येते. अर्ज केल्यावर नावाशेजारी 'टीएम' लिहिता येतं. गोलातलं 'आर' नोंदणीनंतर. नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण.

परीक्षण अहवाल आला की घाबरू नका, पण झोपूही नका

अर्जावर ट्रेडमार्क कार्यालयाचा परीक्षण अहवाल येतो. मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कलम ११ चा आक्षेप म्हणजे तुमच्यासारखं आधीचं कोणीतरी आहे. कलम ९ चा आक्षेप म्हणजे तुमचा शब्द सगळ्यांचा आहे. पहिल्यात वाद घालायला जागा असते. दुसऱ्यात, तुमचं नाव खरंच 'शुद्ध खान्देशी मसाला' असेल, तर उत्तर लिहिण्यात पैसे घालवू नका, नाव बदला.

काही एजंट मधली पळवाट सुचवतात: शब्द मिळत नाही ना, मग रंगीत चित्र, किनार आणि अक्षरांची वळणं घेऊन पूर्ण लेबल नोंदवा. हे बेकायदा नाही, आणि होतंही. पण कलम १७ प्रमाणे तुम्हाला मिळतं ते त्या पूर्ण लेबलवर. आतल्या 'बिबडे' या शब्दावर काहीच मिळत नाही. एजंट हे दुसरं वाक्य सांगत नाही, आणि मग प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावणाऱ्याला वाटतं, आता तालुक्यातले सगळे बिबडे माझे. पुढच्या भानगडी इथूनच सुरू होतात.

नोटीस आली तर

तीन वर्षांपूर्वी आमच्या एका गिऱ्हाईक बाईंना अशी नोटीस आली. पाकिटावर स्वतःचं नाव होतं आणि खाली 'खान्देशी काळा मसाला'. दुसऱ्या एका मसालेवाल्याचं म्हणणं, हे शब्द आमचे नोंदलेले आहेत, सात दिवसांत माल मागे घ्या. त्या बाई रडवेल्या होऊन आल्या. माझ्यावरही चिडल्या, कारण पाऊच मीच छापला होता, आणि खरं सांगायचं तर 'काळा मसाला' त्यांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात मीच घेतला होता. दिसायला छान दिसत होतं.

आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो. नोटिशीतला नोंदणी क्रमांक टाकून बघितलं. नोंदणी पूर्ण लेबलची निघाली. मग बाईंची जुनी बिलं काढली, कारण समोरच्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्या, दोन्हीच्या आधीपासून तुमचा वापर चालू असेल तर कलम ३४ तुम्हाला राखतं. मग वकिलाकडे गेलो. त्यांनी उत्तरात कलम ३० वर बोट ठेवलं: मालाचा प्रकार, गुण किंवा तो कुठला आहे एवढं सांगण्यासाठी केलेला शब्दाचा वापर उल्लंघन ठरत नाही. शेवटी एक ओळ होती कलम १४२ ची. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध आपणही न्यायालयात जाऊ शकतो. परत पत्र आलं नाही.

नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून देणं मात्र सगळ्यात वाईट. असे दावे जिल्हा न्यायालयात किंवा त्याच्यावर चालतात, आणि समोरचा तुमच्या गैरहजेरीत तात्पुरती मनाई घेऊन येऊ शकतो. मग माल विकता येत नाही आणि हंगाम जातो.

अक्षरांच्या आकाराचा धडा मी तेव्हाच घेतला. पुढे वकिलांनीच 'शुगर फ्री'चा खटला सांगितला. गोडी देणारी गोळी त्या नावाने विकणाऱ्या कंपनीने अमूलच्या आइसक्रीमसारख्या पदार्थावर आक्षेप घेतला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं की साखर नाही हे सांगायला ते शब्द कोणीही वापरू शकतो. पण अमूललाही बजावलं की ते शब्द स्वतःच्या नावापेक्षा मोठे छापू नका. आमच्या प्रेसवर आता हाच नियम आहे: तुमचं नाव सगळ्यात मोठं, जिनसेचं नाव त्याहून लहान. गिऱ्हाईक कुरकुर करतं, तरी.

सगळ्यांचा शब्द कोणी नोंदवायला निघाला तर

स्वीकारलेले अर्ज दर सोमवारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतात, ऑनलाइन. त्यानंतर चार महिन्यांत कोणीही विरोध करू शकतो. तुमचा स्वतःचा ट्रेडमार्क असायची गरज नाही. ऑनलाइन फी एका वर्गाला २,७०० रुपये. ही मुदत वाढवून मिळत नाही. उद्या कोणी 'मांडे', 'बट्टी', 'कळण्याची भाकरी' किंवा 'शेवभाजी' एकट्यासाठी मागितलं, तर बचत गटांनी किंवा हॉटेलवाल्यांनी वर्गणी काढून विरोध करावा. मुदत गेली आणि नोंदणी झाली तरी कलम ५७ खाली ती काढून टाकायला मागता येते. फक्त खर्च आणि वेळ वाढतो.

जर्नल कोण वाचतं? आपल्याकडे कोणीच नाही. मी दर महिन्याला 'खान्देश' आणि दोन-चार पदार्थांची नावं टाकून बघतो. सवय लागली आहे.

मग साध्या शब्दाला कधीच संरक्षण देऊ नये का?

काउंटरवर हा प्रश्न तरुण पोरं विचारतात, आणि त्यांचा मुद्दा खोटा नसतो. "काका, मी पाच वर्षं राबून नाव केलं, आता शेजारी तेच शब्द लिहितो." अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२० ला 'बुकिंग डॉट कॉम' हे नाव नोंदवता येतं असा निकाल दिला. 'बुकिंग' हा शब्द जिनसेचं नाव खरा, पण लोक पूर्ण नाव ऐकतात तेव्हा त्यांना एकच कंपनी आठवते, असा तर्क. लोकांना काय वाटतं ते महत्त्वाचं, हे मला पटतं. पण पैसेवाल्याने सामान्य शब्द जाहिरातीने विकत घ्यावा याचीही ती वाट आहे, म्हणून माझं मत तिकडे झुकत नाही.

उलटी गंमतही होते. नाव एकाचं असतं आणि लोक ते सगळ्यांचं करून टाकतात. अमेरिकेत 'ॲस्पिरिन' १९२१ मध्ये असंच निसटलं, 'एस्कलेटर' १९५० मध्ये. सरकत्या जिन्याच्या कंपनीने स्वतःच्याच जाहिरातींत तो शब्द जिनसेचं नाव म्हणून वापरला होता, तेही तिच्या विरुद्ध गेलं. आपल्याकडे शेतात कोणत्याही कंपनीचं खोदयंत्र आलं तरी 'जेसीबी लावला', कागदाची कोणत्याही यंत्रावर प्रत काढली तरी 'झेरॉक्स'. या दोन्ही कंपन्यांची नावं आहेत आणि हक्क त्यांनी सोडलेले नाहीत. तुम्ही बोलताना म्हणा, कोणी अडवत नाही. झेरॉक्सच्या दुकानाच्या पाट्या छापायला माझ्याकडे येतात तेव्हा मात्र मी 'फोटोकॉपी' सुचवतो. कोणी ऐकत नाही!

एवढं मात्र पक्कं सांगतो: स्वतःच्या नावाने जिनसेला हाक मारू देऊ नका. तुमचं नाव 'टिटवी' असेल तर पाकिटावर 'टिटवी ज्वारीचे बिबडे' लिहा. 'आमच्या टिटव्या घ्या' असं लिहू नका.

छापायला येताना काय आणायचं

तुमचं निवडलेलं नाव आणि आणखी दोन पर्यायी. शोधाच्या पानाचा फोटो, तारखेसकट. अर्ज झाला असेल तर क्रमांक. पहिल्या विक्रीच्या बिलाची प्रत एका फाइलमध्ये घाला आणि दर वर्षी एक छापलेलं पाकीट त्यात टाकत जा. दहा वर्षांनी ही जाडजूड फाइलच साक्षीदार होते. आणि पहिल्या खेपेला सिलिंडरच्या पाऊचच्या मागे लागू नका. साध्या पाऊचवर डिजिटल स्टिकर लावा. नगाला महाग पडतं, पण अहवालात आक्षेप आला तर शंभर-दोनशे स्टिकरच वाया जातात.

फैजपूरकडच्या त्या ताई आठ दिवसांनी परत आल्या. या वेळी वहीच्या पानावर सात नावं होती. पाच खोडलेली, त्यातलं एक त्यांच्या नातवाने सुचवलेलं इंग्रजी. उरलेल्या दोनातलं एक त्यांच्या सासूबाई कोंबड्यांना हाक मारायला जो आवाज काढायच्या त्यावरून केलेलं. शब्दाला काही अर्थ नाही, बिबड्यांशी नातं नाही, तीस नंबरच्या वर्गात तसलं काही सापडलंही नाही. मी त्याच्यावर खूण केली. नाव इथे लिहीत नाही, अर्ज अजून भरायचाय.